पंपापासून नोझलपर्यंतची नळी

१ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस गोव्याचे ट्रॉलर बंदीमुळे किनाऱ्यालाच असतात. मालीमला, कुटबणला, वास्कोच्या खारीवाड्यावर बोटी एकमेकींना खेटून उभ्या राहतात आणि इंजिनं उघडण्याचा मोसम सुरू होतो. जुन्या इंजिनाचे हायप्रेशर पाइप, म्हणजे पंपापासून नोझलपर्यंत दाबाखालचं डिझेल नेणाऱ्या नळ्या, मेकॅनिक सोडवतो, धुतो, पुन्हा बसवतो. वर्षानुवर्षं तेच पाइप चालतात. कॉमन रेल इंजिनावर (यात सगळ्या सिलिंडरांना एकाच सामायिक नळीतून, म्हणजे रेलमधून, दाबाखालचं डिझेल मिळतं) मात्र बहुतेक कंपन्यांचं म्हणणं असं की पाइप एकदा सैल केला की नवा घाला. मालकाला हे पटत नाही. लोखंडाची नळी ती, तिला काय होणार? त्याचा प्रश्न चुकीचा नाही, फक्त उत्तरासाठी बरंच मागे जावं लागतं.

रुडॉल्फ डिझेलच्या १८९७ च्या ऑग्सबर्गमधल्या इंजिनात ही कटकट नव्हती. तिथे दाबाखालच्या हवेचा झोत इंधनाला सिलिंडरात फुंकून टाकायचा. त्यासाठी इंजिनाला वेगळा कॉम्प्रेसर जोडावा लागे, आणि तो अवजड असे. गिरणीत किंवा जहाजावर चालून गेलं, ट्रकवर शक्य नव्हतं. १९१० च्या सुमारास इंग्लंडच्या व्हिकर्स कंपनीत जेम्स मॅकेक्नी यांनी हवा काढून टाकली आणि नुसतं इंधनच दाबाने फवारलं. पुढे रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १९२७ मध्ये लाइन पंप, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी एक असे छोटे पंप एका रांगेत बसवलेला पंप, मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला, तेव्हा डिझेल खऱ्या अर्थाने रस्त्यावर आलं.

आपली नळी इथेच जन्मली. पंपाला गिअरने फिरवायचं म्हणून तो इंजिनाच्या कुशीला, आणि नोझल सिलिंडरच्या डोक्यावर. मधलं अंतर जोडायला प्रत्येक सिलिंडरला एक पोलादी पाइप: बाहेरून साधारण ६ मिलिमीटर, आतलं भोक २ मिलिमीटरच्या आसपास. ही नळी कुणाला हौसेने नको होती. मांडणीनेच ती गळ्यात घातली.

आता गंमत पाहा. द्रव दाबला जात नाही असं शाळेत शिकवतात. पण ६०० बारला, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे ६०० पट दाबाला, डिझेल जवळजवळ ४ टक्के आकसतं. ७० सेंटिमीटर लांब, २ मिलिमीटर भोकाच्या पाइपात सुमारे २.२ मिलिलिटर डिझेल मावतं. म्हणजे नुसतं आकसण्यातच ०.०९ मिलिलिटरच्या आसपास जातं. शंभर अश्वशक्तीच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाला एका फवाऱ्यासाठी पूर्ण लोडवर लागतं साधारण ०.०६ मिलिलिटर. फवाऱ्यापेक्षा जास्त इंधन पाइपात स्प्रिंगसारखं दबून बसतं. शिवाय पंपाने दिलेला धक्का डिझेलमधून सेकंदाला सुमारे १,४०० मीटर वेगाने धावतो. ७० सेंटिमीटरला अर्धा मिलिसेकंद लागतो, आणि मिनिटाला २,००० फेऱ्यांवर तेवढ्यात क्रँक (इंजिनाचा फिरता दांडा) ६ अंश फिरून जातो. म्हणून सगळ्या सिलिंडरचे पाइप एकाच लांबीचे ठेवतात. पंपाजवळच्या सिलिंडरचा पाइप उगाच वळसे घेऊन गेलेला दिसतो ना, तो याचसाठी. जागा वाचवायची म्हणून तो आखूड केला तर तो सिलिंडर बाकीच्यांआधी पेटेल. पाइप सुटसुटीत करायचे तर सगळेच एकदम आखूड करावे लागतात, आणि त्यासाठी पंपच हलवावा लागतो.

गळतीचं मूळ बहुतेकदा नळीत नसतं, टोकाला असतं. पाइपाचंच पोलाद दाबून टोकाला शंकू घडवतात. तो समोरच्या ६० अंशाच्या बैठकीत नटाने आवळला जातो. मध्ये वायसर नाही, रबर नाही, पोलादावर पोलाद. प्रत्येक वेळी आवळताना शंकू थोडा चेपतो, भोकाचं तोंड थोडं आत सरकतं. त्यात पाइप नीट समोर येत नसेल तर मेकॅनिक तो ओढूनताणून बसवतो, आणि त्या ताणावर इंजिनाची थरथर येऊन पडते. क्लिप गहाळ झालेली असेल तर मग विचारूच नका: तडा जातो तो नेमका नटामागे.

पाइपच नको, हा विचारही जुना. जनरल मोटर्सच्या १९३८ च्या ‘सीरीज ७१’ इंजिनांत पंप आणि नोझल एकाच नगात, सिलिंडरच्या डोक्यावरच होते. फोक्सवॅगनने १९९८ मध्ये तोच विचार कारमध्ये आणला आणि दाब २,०५० बारपर्यंत नेला. आपल्याकडे मात्र बंगळुरूला १९५१ मध्ये इंधन पंप बनवणारी मायको कंपनी आली ती बॉशची घडण घेऊन, आणि देशातल्या मेकॅनिकांचे हात लाइन पंपावरच तयार झाले. मांडवी-झुआरीतून खनिज मुरगावला नेणारे बार्ज असोत की ट्रॉलर, पाइप सैल करून इंधनात अडकलेली हवा काढायची विद्या तीच.

गळतीचा धाक खरा बसवला तो जहाजांवरच्या आगींनी. फुटलेल्या पाइपातून उडालेली बारीक फवारणी तापलेल्या एक्झॉस्टवर पडली की इंजिनरूम पेटायला वेळ लागत नाही. सोलास या आंतरराष्ट्रीय करारात १ जुलै १९९८ पासून नव्या जहाजांना हायप्रेशर पाइप दुपदरी करणं बंधनकारक झालं, जुन्यांना २००३ पर्यंत मुदत मिळाली. आतला फुटला तरी डिझेल बाहेरच्या पदरात अडतं, टाकीत उतरतं आणि अलार्म वाजतो. २२० अंश सेल्सिअसपेक्षा तापणारे भाग झाकायचे, हीही अट. मुरगावला परदेशी जाणारं जहाज लागतं त्याच्या इंजिनावर हे दुपदरी पाइप असतात. मासेमारी बोटींना सोलासचे हे नियम लागू नाहीत, त्यामुळे जवळच्याच खारीवाड्यावर पाइप उघडे. हा फरक मला नेहमी खटकतो. फवारणीला बोटीचा आकार कळत नाही.

कॉमन रेलने पाइप परत आणला. डेन्सोने १९९५ मध्ये ट्रकवर, आणि फिआटने विकसित करून बॉशला दिलेल्या तंत्रावर १९९७ च्या अल्फा रोमिओ १५६ ने कारमध्ये. रेल इंजिनाच्या डोक्याशेजारीच असल्याने पाइप वीतभर उरले. पण आता त्यांत दाब सतत राहतो: सुरुवातीला १,३५० बार, आज २,००० आणि वर. हा पाइप टिकावा म्हणून कारखान्यात त्याला एकदा चालू दाबापेक्षा कितीतरी जास्त दाब देतात. आतली कातडी कायमची ताणली जाते, आणि बाहेरचं पोलाद तिला मग बाहेरून आवळून धरतं. ही युक्ती मुळात तोफांच्या नळ्यांची. मालकाच्या प्रश्नाचं उत्तर आहे ते टोकाच्या शंकूत: २,००० बारला, नुसत्या २ मिलिमीटरच्या भोकावर, सुमारे ६४ किलोचा रेटा असतो. एकदा चेपलेल्या शंकूने तो दुसऱ्यांदा धरावा याची हमी कंपनी देत नाही.

गळती कुठे आहे ते बोट फिरवून बघण्याची जुनी सवय मात्र अजून दिसते. या दाबाची सुईएवढी धार कातडीतून आत शिरते, वर फक्त टोचल्याचा ठिपका दिसतो, आणि आत शिरलेलं डिझेल काढायला सर्जन लागतो. चालू इंजिनाजवळ बोटाऐवजी पुठ्ठा धरायचा, तोही लांबून.