सोनेरी ड्रिल आणि पोलादाचे पाणी

दोन ड्रिल शेजारी ठेवा. दोन्ही ६ मिलिमीटरची, दोन्ही सोनेरी, दोन्हींच्या दांड्यावर ‘एचएसएस’ म्हणजे हायस्पीड स्टील असे कोरलेले. किमतीत मात्र दहापट फरक. पोलादी पट्टीत पहिली चार-पाच भोके दोन्ही सारखीच पाडतात. त्यामुळे हौसेने लेथ चालवणाऱ्या मंडळींत दोन तट पडतात. एक म्हणतो महाग तेच चांगले, दुसरा म्हणतो पैसे नुसत्या नावाचे. दोघांचेही थोडे बरोबर आहे. पण वाद ज्या रंगावरून सुरू होतो, त्यात फारसे काही नाही.

तो सोनेरी रंग टायटॅनियम नायट्राइडचा. थर जेमतेम २ ते ४ मायक्रॉन, केसाच्या जाडीपुढे काहीच नाही. तो पोलादापेक्षा खूप कठीण असतो आणि कापताना निघणारा कीस त्याला सहजी चिकटत नाही. चांगल्या पोलादावर चढवला तर त्याचा उपयोग नक्की होतो. आतले पोलाद मऊ निघाले तर मात्र वरून कीर्तन, आतून तमाशा! शिवाय नुसत्या तापवलेल्या पोलादावरही गवती-सोनेरी छटा येतेच.

तेव्हा प्रश्न आतल्या पोलादाचा. साध्या कार्बन पोलादाची धार २०० ते २५० अंश सेल्सियसच्या पुढे मऊ पडू लागते. पॅरिसच्या १९०० सालच्या प्रदर्शनात बेथलेहेम स्टीलच्या फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांची टूल लोकांनी पाहिली, ती टोक लाल झाले तरी कापतच राहत. टंगस्टन घातलेले पोलाद त्याआधीही होते. रॉबर्ट मशेटने ते १८६८ मध्येच बनवले होते. टेलर-व्हाइट यांनी असे पोलाद वितळण्याच्या बेतापर्यंत तापवले. जुन्या जाणत्यांच्या मते एवढ्या आचेने ते वाया जायला हवे होते.

आजचे हायस्पीड स्टील याच वाटेवरचे. त्यातल्या एम२ या नेहमीच्या प्रकारात सुमारे ६ टक्के टंगस्टन, ५ टक्के मॉलिब्डेनम, ४ टक्के क्रोमियम आणि २ टक्के व्हॅनेडियम असते. ते १,२०० अंशांच्या आसपास तापवून थंड करतात आणि मग साधारण ५५० अंशांवर दोन-तीनदा पुन्हा तापवतात. या दुसऱ्या तापवण्यात कार्बाइडचे, म्हणजे धातू आणि कार्बनच्या संयुगाचे, अतिसूक्ष्म कण तयार होतात. म्हणूनच ही धार जवळपास ६०० अंशांपर्यंत तग धरते. पहिली आच कमी पडली तर मूलद्रव्ये पोलादात नीट विरघळत नाहीत. जास्त झाली तर कण मोठे होऊन पोलाद ठिसूळ होते. आपल्याकडे ज्याला पोलादाला पाणी देणे म्हणतात, त्याचा हा फार काटेकोर अवतार. स्वस्त टूलमध्ये काटछाट होते ती बहुतेक इथेच, आणि डोळ्यांना ती दिसत नाही.

ग्राइंडरला मात्र ती थोडी कळते. चष्मा लावून टूलची शेपटी चाकाला हलकेच टेकवा. कार्बन पोलादाच्या ठिणग्या पिवळ्या-पांढऱ्या, फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या. हायस्पीड स्टीलच्या ठिणग्या लालसर, विरळ, न फुटणाऱ्या. ‘एचएसएस’ लिहिलेल्या टूलमधून फुलबाजी निघाली की काय समजायचे ते समजावे. धातू तोच असून पाणी नीट बसले नसेल, तर कानस फिरवून पाहावी. टणक पोलादावरून ती घसरते. पकडली, तर टूल मऊ आहे.

ड्रिलचे पैसे धार घासण्यातही जातात. टोकाच्या दोन्ही धारा सारख्या लांबीच्या आणि सारख्या कोनात नसतील तर एकच धार काम करते, कीस एकाच खाचेतून येतो आणि भोक मोठे पडते. पण हा दोष ग्राइंडरवर दहा मिनिटांत काढता येतो. म्हणून पोलाद चांगले पण घासणी ओबडधोबड असे स्वस्त ड्रिल मी आनंदाने घेतो. उलट चुकलेले पाणी घरी सुधारत नाही.

आणि वेग! टेलरने २६ वर्षे प्रयोग करून सुमारे ३६० टन धातूचा कीस पाडला आणि १९०६ मध्ये निष्कर्ष मांडले. त्याच्या सूत्रानुसार हायस्पीड स्टीलच्या टूलचा वेग १० टक्के वाढवला की धारेचे आयुष्य निम्म्याहूनही कमी होते. मऊ पोलादात ६ मिलिमीटरच्या ड्रिलला मिनिटाला १,३०० फेरे पुष्कळ झाले. आपण हातातल्या यंत्राचा घोडा पूर्ण दाबतो, फेरे दुपटीच्या पुढे जातात आणि मग दोष ड्रिलच्या माथी.

कार्बाइडच्या इन्सर्टची, म्हणजे टूलच्या टोकाला बसवायच्या बदलत्या धारेच्या तुकड्यांची, गोष्ट याहून गमतीची. पोलादासाठीच्या इन्सर्टची धार बहुधा मुद्दाम किंचित गोलसर ठेवलेली असते, कारण कार्बाइड कठीण तसेच ठिसूळ. ती भरपूर वेगात, खोल कापायला केलेली. त्यासाठी मोठी मोटर आणि न थरथरणारे यंत्र लागते. छोट्या लेथवर पाव मिलिमीटरचा थर काढताना ती कापण्याऐवजी घासते. तिथे हाताने धार लावलेले साधे एचएसएस टूल महागड्या इन्सर्टला सहज मागे टाकते. अॅल्युमिनियमसाठीची घासून तीक्ष्ण केलेली इन्सर्ट मात्र अशा लेथवरही छान चालतात.

हात सैल सोडावा तो टॅपवर, म्हणजे भोकात आटे पाडायच्या टूलवर. आटे पाडताना टॅप मोडला की तुकडा भोकातच अडकतो, आणि एचएसएसचा तुकडा एचएसएसच्या ड्रिलला दाद देत नाही. दोन दिवस खपून केलेला जॉब मी असाच एकदा भंगारात टाकला आहे. स्वस्त संचातल्या कार्बन पोलादाच्या टॅपचा फायदा एवढाच, की जॉब अॅल्युमिनियमचा किंवा पितळेचा असेल तर तो तुरटीच्या गरम द्रावणात बुडवून ठेवता येतो. तुकडा हळूहळू विरघळून जातो आणि जॉब वाचतो.