मसल कार, इंजिन व गिअरबॉक्स बदल

साधारणतः १९६४ ते १९७२ या काळातील अमेरिकन मसल कारमधील (तुलनेने हलक्या बॉडीत मोठे इंजिन असलेल्या वेगवान गाड्यांतील) मूळ इंजिन, गिअरबॉक्स किंवा दोन्ही काढून त्यांच्या जागी अधिक शक्तीचे वा नव्या धाटणीचे संच बसवण्याची प्रथा. शेव्हरोले, पाँटिअ‍ॅक, फोर्ड, डॉज, प्लिमथ इ. गाड्यांत ती विशेष रूढ आहे.

मसल कारचा प्रारंभ कोठून धरावा याविषयी मतभेद आहेत. काही लेखक हा मान १९४९ च्या ओल्ड्समोबील रॉकेट ८८ ला देतात. तिच्यात ३०३ घन इंच (घ. इंच) क्षमतेचे (सु. ५ लि.) नवे व्ही-८ इंजिन तुलनेने हलक्या बॉडीत बसवले होते. तथापि बहुतेक जण १९६४ च्या पाँटिअ‍ॅक जीटीओपासून गणना करतात व तेच अधिक सयुक्तिक दिसते. पाँटिअ‍ॅक व शेव्हरोले यांची मालक कंपनी जनरल मोटर्स हिने मध्यम आकाराच्या गाड्यांच्या इंजिनांना ३३० घ. इंचांची मर्यादा घातली होती. पाँटिअ‍ॅकचे अभियंते जॉन डिलोरियन यांच्या चमूने ३८९ घ. इंचांचे (सु. ६.४ लि.) इंजिन टेंपेस्ट गाडीवरचा जादा पर्याय म्हणून देऊन ती चुकवली. इंजिन बदलणे हा पुढच्या काळातील हौशी मालकांचा प्रकार मानला जातो, ते मात्र पटण्यासारखे नाही. १९६७ मध्येच पेनसिल्व्हेनियातील कॅनन्सबर्गचे विक्रेते डॉन येन्को शेव्हरोलेच्या नव्या कॅमॅरोतील ३९६ घ. इंचांचे इंजिन उतरवून ४२७ घ. इंचांचे बसवीत व गाडी विकत. जनरल मोटर्सच्या तेव्हाच्या ४०० घ. इंचांच्या मर्यादेमुळे ते कारखान्यातून मिळत नसे. १९६९ मध्ये खास मागणीच्या वाटेने ते कारखान्यातच बसू लागले आणि १९७० च्या गाड्यांपासून ती मर्यादाच उठली.

जुन्या व नव्या इंजिनांची तुलना करताना अश्वशक्तीचे आकडे जपून वापरावे लागतात. १९७१ पर्यंत जाहीर होणारी शक्ती प्रायः ‘स्थूल’ असे : इंजिन चाचणीच्या घोडीवर, एअर फिल्टर व मूळ सायलेन्सरशिवाय मोजलेली. १९७२ च्या गाड्यांपासून सर्व जोडण्यांसह मोजलेली ‘निव्वळ’ शक्ती देण्याचा प्रघात पडला. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट गाडीतील साधे ३५० घ. इंचांचे इंजिन १९७१ मध्ये २७० अश्वशक्तीचे होते, तर १९७२ मध्ये २०० चे; ही घट मुख्यतः मोजणीतली आहे. १९७१ साली जनरल मोटर्सने कमी ऑक्टेनच्या, शिसेविरहित पेट्रोलसाठी संपीडन गुणोत्तरे उतरवली, ती घट वेगळी व खरी. क्रायस्लरच्या ४२६ घ. इंची हेमीचे (अर्धगोलाकार ज्वलनकक्षाच्या इंजिनाचे) ४२५ (स्थूल) आणि २००८ च्या कॉर्व्हेटमधील एलएस ३ इंजिनाचे ४३० (निव्वळ) हे आकडे त्यामुळे एका रांगेत मांडता येत नाहीत.

इंजिनाच्या बाबतीत वाटा दोन. मूळ ब्लॉक राखून क्षमता वाढवणे ही पहिली. शेव्हरोलेच्या ३५० घ. इंची ब्लॉकला किंचित बोअर करून (सिलिंडर रुंदावून) त्यात ४०० घ. इंची इंजिनाचा ३.७५ इंच स्ट्रोकचा (पिस्टनच्या धावेचा) क्रँकशाफ्ट घातला की प्रसिद्ध ३८३ घ. इंचांचे इंजिन तयार होते. दुसरी वाट आधुनिक इंजिनाची. १९९७ च्या कॉर्व्हेटबरोबर आलेले ॲल्युमिनियम ब्लॉकचे एलएस १ व त्याचे वंशज यांत आघाडीवर आहेत. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्येच असल्याने ती आटोपशीर आहेत. त्यांच्या क्रँकशाफ्टची पाठीमागची चकती मात्र जुन्या इंजिनांपेक्षा सु. १० मिमी. आखूड असल्याने जुना गिअरबॉक्स जोडताना स्पेसर (मधली जोडचकती) लागतो. फोर्डचे २०११ पासूनचे ५ लि. ‘कोयोटी’ शक्तिमान, पण रुंद. पहिल्या पिढीच्या मस्टँगमध्ये पुढच्या शॉक-ॲब्सॉर्बरचे मनोरे आड येतात. क्रायस्लर गाड्यांत २००३ नंतरची ५.७ लि. हेमी वापरतात.

गिअरबॉक्स दुय्यम समजला जातो. वस्तुतः हमरस्त्यावर चालवायच्या गाडीची आखणी तेथूनच व्हावी. जनरल मोटर्सचे टर्बो-हायड्रामॅटिक (टर्बो) ३५० व ४०० आणि क्रायस्लरचा टॉर्कफ्लाइट हे तीन गतींचे स्वयंचलित, तसेच मन्सीचा चार गतींचा हाती गिअरबॉक्स, या सर्वांचा शेवटचा गिअर १:१ असतो. मागील आसाचे गुणोत्तर ३.७३ व टायरचा व्यास २६ इंच धरल्यास ताशी ११० किमी. वेगाला इंजिन मिनिटाला सु. ३,३०० फेरे घेते. ०.७० चा ओव्हरड्राइव्ह (१:१ हून कमी गुणोत्तराचा गिअर) मिळताच ते सु. २,३०० वर येतात. १९८२ मध्ये आलेल्या, ओव्हरड्राइव्ह असलेल्या जनरल मोटर्सच्या ७००-आर-४ या स्वयंचलित गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.०६, टर्बो ३५० चा २.५२; त्यामुळे आस सौम्य ठेवूनही उठाव वाढतो. दुसरा गिअर थेट १.६३ असल्याने मधली पोकळी मात्र जाणवते, आणि थ्रॉटल-व्हॉल्व्ह केबल चुकीची लावल्यास क्लच जळतात. मोठ्या टॉर्कसाठी ४-एल-८०-ई हा स्वयंचलित गिअरबॉक्स अधिक भरवशाचा. त्याला इलेक्ट्रॉनिक नियंत्रक लागतो. हाती प्रकारांत ट्रेमेकचा सहा गतींचा टी-५६ मॅग्नम बसवताना पुष्कळदा गाडीच्या तळातील मधला बोगदा (गिअरबॉक्सवरचा उंचवटा) कापावा लागतो. पाच गतींचा टीकेएक्स अरुंद बोगद्यांसाठीच आखलेला आहे.

शक्ती वाढली की रेडिएटर, ब्रेक व मागील आस यांचाही विचार येतो. कार्ब्युरेटरला सु. ०.४ बार दाबाने पेट्रोल पुरते, एलएस इंजिनाच्या इंजेक्शनला सु. ४ बार लागतो. म्हणून टाकीतला पंप बदलावा लागतो.

साधारणतः १९६८ पासून वाहनक्रमांकाचा (कारखान्याने दिलेल्या ओळखक्रमांकाचा) अंश इंजिनावर व गिअरबॉक्सवर कोरलेला आढळतो. तो जुळणाऱ्या गाडीला संग्राहक जादा किंमत देत असल्याने अनेक मालक उतरवलेले मूळ इंजिन जपून ठेवतात. इंजिन बदलताना धूर तपासणीचाही प्रश्न येतो; कॅलिफोर्नियात १९७५ व त्याआधीच्या मॉडेलच्या पेट्रोल गाड्या नियतकालिक धूर तपासणीतून वगळल्या आहेत.