बटणांवर चित्र बदलणारा की-बोर्ड: घेण्याआधी एवढं वाचा

"तो की-बोर्ड आहे का हो, ज्याच्या बटणांवरची अक्षरं आपोआप मराठी होतात?" दुकानात हा प्रश्न अधूनमधून येतोच. म्हणून एकदाच सगळं छापून ठेवतोय.

तसा की-बोर्ड निघाला होता. मॉस्कोच्या आर्तेमी लेबेदेव स्टुडिओने २००५ साली त्याचं नुसतं चित्र दाखवलं आणि जगभर चर्चा झाली. 'ऑप्टिमस मॅक्सिमस' या नावाने तो लोकांच्या हाती पडायला मात्र २००८ उजाडलं. एकूण ११३ बटणं आणि प्रत्येकात ४८ बाय ४८ ठिपक्यांचा रंगीत ओएलईडी पडदा. पडदा जागच्या जागी, वरची पारदर्शक टोपी तेवढी खाली-वर होणार. त्यावर इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरी अक्षरांची ठरलेली मांडणी, बसवलं तर 'एन'च्या बटणावर 'ल' दिसावा आणि शिफ्ट दाबताच तिथेच 'ळ' यावा, अशी ती सोय. देखणी वस्तू, यात वाद नाही. पण किंमत दीड हजार डॉलरच्या पुढे, म्हणजे त्या वेळच्या दराने साठएक हजार रुपये. वर बटणं दाबायला जड, अशी वापरणाऱ्यांची तक्रार. मोजक्याच बटणांवर पडदे असलेले स्वस्त प्रकारही त्यांनी काढून पाहिले. आज तो नवा मिळत नाही.

मिळाला असता तरी मराठी टायपिंगसाठी आम्ही तो सुचवला नसता. ज्याचा हात बसलाय तो बटणांकडे बघतच नाही, त्याची नजर समोरच्या पडद्यावर असते. ज्याचा बसायचाय त्याला देवनागरी स्टिकरचा एक कागद पुरतो. महिनाभराने ते स्टिकर झिजतात, पण तोवर बोटांना वाट सापडलेली असते.

बदलत्या चित्रांच्या बटणांचा खरा उपयोग आहे तो अक्षरांसाठी नव्हे, संगणकाला द्यायच्या आज्ञांसाठी. त्यासाठी की-बोर्डशेजारी ठेवायची, अशाच बटणांची छोटी पाटी येते. एल्गाटो कंपनीची 'स्ट्रीम डेक' २०१७ साली आली तेव्हा १५ बटणांची होती. पुढे ६ आणि ३२ बटणांचीही निघाली. यात कंपनीने खर्च वाचवलाय तो असा: प्रत्येक बटणाला वेगळा पडदा नाही. खाली एकच एलसीडी आणि वर पारदर्शक बटणांच्या खिडक्या. म्हणून दाब थोडा रबरी लागतो. टायपिंगला तो चालला नसता, इथे चालतो.

लग्नाचं किंवा नाटकाचं थेट प्रक्षेपण करणाऱ्यांना आम्ही ही पाटी डोळे झाकून देतो. अंधाऱ्या सभागृहात 'कॅमेरा १', 'कॅमेरा २', 'नावाची पट्टी', 'माइक बंद' अशी बटणं उजळलेली समोर असतात, चाचपडावं लागत नाही. फक्त एक पथ्य पाळा. एका बटणामागे आणखी बटणांचं फोल्डर ठेवता येतं, त्यामुळे बटणं कमी पडली की फोल्डरात फोल्डर करायचा मोह होतो. आमच्याच पोराने 'माइक बंद'चं बटण असं तिसऱ्या फोल्डरात टाकलं होतं. ते सापडेपर्यंत वधूच्या मामांचं जेवणाबद्दलचं मत अमेरिकेतल्या पाहुण्यांपर्यंत पोचलं. घाईची बटणं पहिल्याच पानावर ठेवा आणि त्यांना भडक रंग द्या.

डीटीपीवाल्यांनाही, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावणाऱ्यांनाही, फायदा होतो, पण रोज तीच ती कामं असतील तरच.

आणखी एक गैरसमज. बटण स्वतः काहीच करत नाही. संगणकावर चालणारा प्रोग्रॅम ते काम करतो. तो बंद असला तर बटणं नुसती शोभेची. संगणक बदलताना किंवा फॉरमॅट करताना आधी तुमच्या बटणांच्या मांडणीचा बॅकअप घ्या, नाहीतर सगळी नव्याने बसवावी लागते आणि त्यात अख्खी दुपार जाते. वायर थेट संगणकाच्या यूएसबीत लावा. स्वस्त हबमध्ये वीज अपुरी पडली की पाटी मध्येच बंद-चालू होते. पुसायला चष्म्याचं कोरडं फडकं घ्या, स्प्रे मारू नका. चहा सांडलाच तर आधी वायर काढा, मग पुसा.

किंमत डॉलरबरोबर हलते, त्यामुळे इथे छापलेली नाही. विचारा, त्या दिवशीची सांगू.

येण्याआधी दोन दिवस एक काम करा. संगणकाशेजारी कागद ठेवा आणि माउसने मेनूत शिरून तीच आज्ञा पुन्हा शोधावी लागली की एक रेघ मारा. तो कागद घेऊन या. वेगवेगळ्या आज्ञा दहा-बारा निघाल्या तर १५ बटणांची पाटी दुकानात जोडलेली आहे, तुमच्याच कामावर चालवून बघा. चार-पाचच निघाल्या तर त्या आम्ही तुमच्या आहे त्याच की-बोर्डवर बसवून देतो, त्याचे पैसे घेत नाही.