केसभर ताणलेला स्टड

मित्राची माझदा एमएक्स-५ माहीमला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी असते. दोन माणसांची, टप उघडणारी, तीस वर्षं जुनी. पावसाळा संपल्यावर ब्रेक पॅड बदलायला काढले, तर पुढच्या डाव्या चाकाचा एक नट जागचा हलेना. मामांनी (गॅरेजमध्ये त्यांना लहानथोर सगळे मामाच म्हणतात) पान्याला लांब पाइप जोडून जोर दिला. कट्ट! नट सुटला, पण अर्धा स्टड (नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा) पोटात घेऊन.

"भाऊ, हा आज नाही तुटला. कधीचाच तुटत होता," तुकडा चिंधीने पुसत मामा म्हणाले.

तुकडा उजेडात धरल्यावर पटलं. तुटलेल्या तोंडाचा निम्मा भाग काळपट आणि गुळगुळीत, त्यावर ओहोटीचं पाणी वाळूवर सोडून जातं तशा बारीक कमानदार रेघा. उरलेला निम्मा लख्ख, खडीसाखरेसारखा खरखरीत. धातुशास्त्रात या रेघांना खरोखरच 'बीच मार्क्स' म्हणतात. चीर थोडी पुढे सरकली, थांबली, पुन्हा सरकली, त्याच्या त्या खुणा. काळा भाग जुना, आत ओल जाऊन गंजलेला. लख्ख भाग तेवढा त्या सकाळचा.

नट इतका घट्ट होता, मग स्टडला चीर का गेली? गंमत इथेच आहे. सुटायला कठीण म्हणजे घट्ट, हे आपण गृहीत धरतो. स्टडच्या बाबतीत ते चुकतं.

चाक स्टडला खुंटीसारखं टांगलेलं नसतं. नट आवळला की स्टड स्प्रिंगसारखा ताणला जातो आणि चाकाला हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या तबकडीवर, दाबून धरतो. गाडीचा भार पेलतं ते या दाबातून येणारं घर्षण. या गाडीचे स्टड १२ मिलिमीटर जाडीचे आणि नटांना सांगितलेला पीळ (टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर) ९० ते ११८ न्यूटन-मीटर. १०० धरला तर एका स्टडमध्ये सुमारे ४ टनांचा ताण येतो. चाकाला चार स्टड, म्हणजे १६ टन, आणि अख्ख्या गाडीचं वजन एका टनाच्या आतबाहेर! एवढ्या ताणाने स्टड लांबतो किती, तर मिलिमीटरचे सात शतांश. डोक्यावरच्या एका केसाची जाडी. सगळी मदार त्या केसावर.

आता पिळाचा हिशेब बघा. पान्यावर लावलेल्या जोरातला साधारण दहावा हिस्साच स्टड ताणायला लागतो. बाकीचा नटाच्या बैठकीवर आणि आट्यांमध्ये घासण्यातच संपतो. आटे गंजले की घर्षण वाढतं आणि तो दहावा हिस्साही आक्रसतो. पाना म्हणतो झालं घट्ट, स्टड मात्र ढिला. मग चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तो किंचित वाकतो. या मापाचं चाक मुंबईहून पुण्याला पोचेपर्यंत सुमारे ८० हजार फेरे घेतं. तारेचा तुकडा हाताने मागे-पुढे वाकवून तोडतो, तसंच हे, फक्त फार सावकाश.

गंजाला मुंबईसारखं माहेर नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं, म्हणजे पाऊस नसतानाही आट्यांत खारं पाणी तयार. शिवाय गंज लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा व्यापतो. आट्यांमधल्या सुतभर फटीत तो फुगला की पाचर ठोकल्यासारखा बसतो.

उरलेले तीन नट काढताना मामांनी घाई केली नाही. आत झिरपणारं तेल आदल्या संध्याकाळी सोडलं. फट जितकी अरुंद तितकं तेल स्वतःहून आत ओढलं जातं, पण त्याला वेळ लागतो. (असल्याच एका तेलाचं, डब्ल्यूडी-४०चं, नाव पाणी हटवायच्या चाळिसाव्या मिश्रणावरून आलं, हे मामांना सांगितलं. "चाळीस वेळा चुकले म्हणा की," मामा म्हणाले. एकोणचाळीस, खरं तर.) गॅस कटर लावायचा माझा सल्ला त्यांनी उडवून लावला, आणि बरोबरच होतं. तापवल्याने नट फुगतो आणि त्याचं भोकही मोठं होतं, हे खरं. पण शेजारी ॲल्युमिनियमचं चाक आणि आत बेअरिंगचं ग्रीस. चाकाच्या मिश्रधातूला दिलेली ताकद २०० अंशांच्या पुढे उतरायला लागते, आणि ते वरून दिसतही नाही.

स्टड हबमध्ये दाते रुतवून बसवलेला असतो. हातोड्याने ठोकून तो निघतो, पण प्रत्येक घाव बेअरिंगच्या गोळ्यांमधून जातो आणि त्यांच्या वाटेवर बारीक खळगे पाडतो. पुढे महिनोन् महिने चाक घुमतं. म्हणून हब उतरवून प्रेसवर, म्हणजे सावकाश दाबून स्टड बाहेर काढणाऱ्या यंत्रावर, नेलं. स्टड मी नागदेवीच्या गल्लीतून आणले, आटे जुन्या नटात फिरवून बघून. एक बदलायचा तर चारही बदलायचे, यावर मामा ठाम. बाकीच्या तिघांनीही तेच फेरे खाल्लेले.

नवे स्टड बसवल्यावर मी आट्यांना तेल लावायला गेलो, तर मामांनी हात धरला. तेल लावून तोच १०० चा पीळ दिला, तर ताण ४ वरून साडेपाच टनांवर जाऊ शकतो. कंपनीचा आकडा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी असतो. टायरवाल्याची हवेची गनही इथे नको. ती तीळभर गंजाला आणि थेंबभर तेलाला सारखंच झोडते. टॉर्क रेंच (ठरवलेला पीळ आला की टिचकणारा पाना), समोरासमोरचे नट आळीपाळीने, दोन फेऱ्यांत.

गाडी लोणावळ्याला जाऊन आली, तेव्हा मामांनी पुन्हा रेंच लावला. नवा स्टड आणि हब एकमेकांत रुळताना पृष्ठभागावरचे सूक्ष्म उंचवटे चेपले जातात. केसाएवढ्या लांबीतले सात सहस्रांश मिलिमीटर गेले, तरी दहा टक्के ताण गेला. तीन नट जागेवरच होते. चौथा जेमतेम सरकला आणि रेंच टिचकला.