टाइपरायटरमध्ये तेल टाकायच्या आधी हे वाचा

मशीन घेऊन दुकानात येणाऱ्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं राहते, "भाऊ, अक्षरं अडकत होती म्हणून तेल टाकलं, आता तर उठतच नाहीत." म्हणून हा कागद छापला. मशीन विकत घ्या की रिपेअरला द्या, एक प्रत सोबत न्या आणि घरच्यांनाही वाचायला द्या, कारण तेल बरेचदा घरातलं दुसरंच कोणी टाकते.

कागद ज्यावर बसते त्या रोलरवर जाऊन आपटणाऱ्या अक्षरांच्या काड्या खाली एका अर्धगोल पट्टीच्या बारीक खाचांमध्ये बसलेल्या राहतात. ही जागा कोरडीच पाहिजे. त्यात तेल गेलं की पहिले काही दिवस मशीन मस्त चालते, तुम्हाला वाटते झालं काम, मग त्या तेलावर धूळ, रिबनचे म्हणजे शाईच्या फितीचे तंतू, खोडरबरचा भुगा सगळं बसते आणि आत डिंकासारखा थर तयार होते. खोबरेल असो, शिलाई मशीनचं असो की स्प्रेच्या डब्यातलं असो, या खाचांमध्ये सगळी तेलं सारखीच वाईट. त्यात आपला नागपूरचा उन्हाळा, नवतप्यात म्हणजे मे अखेरच्या कडक नऊ दिवसांत पारा ४५ च्या आसपास, तो थर अजूनच घट्ट होते, आणि मशीन कूलरच्या हवेसमोर ठेवलं असेल तर गंज वेगळा.

मग आम्हाला एकेक खाच पेट्रोल आणि ब्रशनं धुवावी लागते, सुकवावी लागते, परत धुवावी लागते. अर्ध्या तासाचं काम चार दिवसांवर जाते ते यामुळे, आणि बिलात सफाईचे पैसे दिसतात तेही याचेच. जास्त वाटतात हे मला माहीत आहे, पण घाईत हे काम केलं तर महिन्याभरात तेच मशीन परत येते, आणि तसं काम आम्ही करत नाही. घरी तुम्ही फक्त कोरडा ब्रश मारा. ब, व, ध च्या पोकळीत शाई भरली असेल तर तीही ब्रशनंच काढा, सुई टोचू नका. थिनर तर अजिबात नको, बटणं आणि रंग दोन्ही जातात. पेट्रोलचं काम आमच्यावर सोडा. काम झालं की कव्हर घाला, साधी जुनी चादर टाकली तरी चालते.

दुसरं, पार्ट. गोदरेजनं १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला आणि २००९ मध्ये बनवणं बंद केलं. रेमिंग्टन, फॅसिट, हाल्डा तर त्याच्याही आधी थांबले. म्हणजे तुमच्या मशीनची एक काडी तुटली तर ती दुसऱ्या बंद मशीनमधूनच काढावी लागते. शासनाची टायपिंग परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्यावर इन्स्टिट्यूटमधली मशीनं भंगारात निघाली, त्यातली बरीच आम्ही घेऊन ठेवली, म्हणून आज पार्ट मिळतात. तुमच्याकडे कोपऱ्यात एखादं पडलं असेल तर किलोनं विकायच्या आधी आम्हाला दाखवा, योग्य भाव देतो.

आता कोण घेते टाइपरायटर, हेही रोज विचारतात. कोर्टाच्या आवारात टाइप करणारे तर आहेतच, पण हल्ली कॉलेजची पोरं येतात, लिहिणारे येतात, आजोबांचं मशीन चालू करून पाहिजे म्हणणारे येतात. टॉम हँक्स हा हॉलिवूडचा नट टाइपरायटर जमवते, त्यानं २०१४ मध्ये टाइपरायटरसारखा आवाज करणारं ॲपही काढलं आणि लोकांनी ते खूप घेतलं. माझं म्हणणं, आवाज आवडत असेल तर खऱ्या मशीनवर दोन पानं मारून पाहा. मध्येच मेसेज येत नाही, लाइट गेली तरी काम थांबत नाही, कार्बन लावला की प्रत लगेच हातात, आणि चुकीचं अक्षर तसंच कागदावर राहते म्हणून माणूस पूर्ण वाक्य डोक्यात ठरवूनच बोट ठेवते. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटते.

काही गोष्टी बिघाड नाहीत, त्यासाठी रिक्षाचं भाडं घालवू नका. अक्षर उमटत नाही? आधी रिबनचा खटका पाहा, तो पांढऱ्या खुणेवर म्हणजे स्टेन्सिलवर असेल तर काडी कागदावर पडते पण रिबन वर येतच नाही, काळ्यावर आणा. मराठी मशीनवर उकार किंवा अनुस्वार दाबल्यावर कॅरेज, म्हणजे रोलरसकट सरकणारा वरचा भाग, सरकत नाही, ते तसंच बनवलंय, आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची. जुन्या इंग्रजी मशीनवर १ चा आकडा नसेल तर तुटला नाही, तिथं छोटा एल वापरतात. रोलरवर दोन कागद लावा, मागचा कोरा, रोलर टिकते.

आणताना कॅरेज मधोमध आणून लॉक करा, मशीन खालच्या बॉडीला धरून उचला, कॅरेजला धरून नाही. रिबन आमच्याकडे काळी आणि लाल-काळी दोन्ही मिळते, उन्हाळ्यात जास्त घेऊन ठेवू नका, वाळते. मशीन परत नेताना दुकानातच एक पान टाइप करून पाहा, काही अडलं तर तिथंच दुरुस्त करून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. नवतप्यात दुपारी १ ते ५ दुकान बंद राहते, सकाळी या.