आईवडिलांचं घर आवरताना
घर आवरण्याचं काम आमच्याकडे सोपवणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तीस-चाळीस वर्षं नांदतं असलेलं दोन बेडरूमचं घर रिकामं करायला अंगमेहनत दोन दिवसांची असते. बाकी सगळा वेळ ठरवण्यात जातो. बहुतेक घरं अडतात ती फोटोंपासून सुरुवात केल्यामुळे. पहिल्याच सकाळी अल्बम उघडला की दुपारपर्यंत एकही पिशवी दाराबाहेर जात नाही, सगळे थकतात आणि घराला पुन्हा कुलूप लागतं. मग मेंटेनन्स चालू राहतो, भिंतींना ओल येते, लाकडाला वाळवी लागते आणि भावंडांच्या प्रत्येक फोनमध्ये त्या घराचा विषय निघतो. म्हणून आमचा क्रम ठरलेला आहे: ठरवायला सोपं ते आधी, आठवणींचं शेवटी.

कधी सुरू करायचं

भाड्याचं घर किंवा विक्रीची तारीख अशी घाई नसेल, तर दिवसकार्य आटोपल्याबरोबर कपाटं उघडू नका. सगळे जमलेत म्हणून चौदाव्या दिवशी वाटप होतं आणि त्यात कोणाला काय गेलं यावरून मनं कायमची दुखावतात. त्या आठवड्यात तीनच कामं करा: फ्रिज रिकामा करा, औषधं वेगळी काढा आणि सगळे कागद एका कुलपात ठेवा. मृत्यूच्या दाखल्याच्या दहा-बारा प्रती तेव्हाच काढून घ्या, कारण बँक, विमा, सोसायटी, पेन्शन असा प्रत्येक जण प्रत मागतो.

आई किंवा बाबा यांच्यापैकी एक जण मागे असेल, तर ते घर त्यांचं आहे. त्यांना चार दिवस लेकीकडे पाठवून मागे घर आवरण्याचं काम आम्ही घेत नाही. परत आल्यावर रिकामी खुंटी दिसली की माणसाला दुसऱ्यांदा कोणी गेल्यासारखं वाटतं. त्यांना खुर्चीवर बसवा, वस्तू एकेक करून समोर आणा, आणि दिवसाला दीड-दोन तासांच्या वर नको.

बाहेर काही जाण्याआधी

रद्दीवाल्याला शेवटच्या दिवशी बोलवा. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, करारनामा आणि मुद्रांक शुल्काची पावती, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा), मृत्युपत्र, विमा पॉलिसी, मुदत ठेवीच्या पावत्या आणि पोस्टाची पासबुकं हे सगळं एकाच फाइलमध्ये क्वचितच सापडतं. कंपनीचं नाव ओळखीचं नाही म्हणून कागदी शेअर फाडू नका. ती कंपनी दुसरीत विलीन झालेली असू शकते. सलग सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर शेअर आयईपीएफ या सरकारी निधीकडे वर्ग होतात, पण वारसाला ते मागता येतात. दहा वर्षं हात न लागलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. त्या शोधायला 2023 पासून ‘उद्गम’ हे पोर्टल आहे, आणि दावा मात्र मूळ बँकेतच करायचा.

पैसे आणि सोनं कुठे निघतं हे ठरलेलं आहे: साड्यांच्या घडीत, कपाटात अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली, पोथीच्या पानांत, देवाच्या तसबिरीमागे, तांदळाच्या डब्यात, जुन्या पर्सच्या अस्तरात, गादीच्या शिवणीत. ब्लाउजची पिशवीसुद्धा न उलटता देऊ नका. 2000 च्या नोटा निघाल्या तर त्या रिझर्व्ह बँकेच्या मुंबई, बेलापूर किंवा नागपूर कार्यालयात देता येतात. 2016 मध्ये रद्द झालेल्या 500 आणि 1000 च्या नोटा आता बदलून मिळत नाहीत, आणि दहापेक्षा जास्त जवळ ठेवणं कायद्याने गुन्हा आहे.

औषधं, उपकरणं, गॅस

मुदत संपलेल्या गोळ्या ओल्या कचऱ्यात टाकू नका. गायी-कुत्री तो कचरा खातात. पाकिटात बंद करून, वर लिहून, घातक घरगुती कचरा म्हणून वेगळ्या द्या. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरून झाकणाला चिकटपट्टी लावा, नाहीतर त्या कचरावेचक बाईंच्या हातात घुसतात. तीव्र वेदनांवरच्या मॉर्फिनच्या गोळ्या किंवा फेंटानिलचे पॅच उरले असतील तर ते ज्या रुग्णालयाने दिले तिथेच विचारून परत करा. ऑक्सिजन मशीन किंवा हॉस्पिटलचा पलंग भाड्याचा आहे का ते आधी पाहा. तो अनेकदा महिनोन्‌महिने पडून राहतो आणि भाडं चढत जातं. गॅसचं कनेक्शन वारसाच्या नावावर करा किंवा सिलिंडर, रेग्युलेटर आणि कागद एजन्सीत देऊन अनामत परत घ्या. इन्व्हर्टरची बॅटरी बॅटरीच्या दुकानदाराकडेच द्या, भंगारात नको, कारण त्यात आम्ल आणि शिसं असतं.

स्वयंपाकघर आणि कपडे

तांब्या-पितळेचा बंब, घागरी, पराती मोडीत घालायच्या तर दोन ठिकाणी भाव विचारा आणि वजन तुमच्यासमोर करून घ्या. पाटा-वरवंटा आणि जातं कोणी न्यायला तयार असेल तरच राखून ठेवा. ‘कधीतरी बागेत ठेवू’ म्हणून राखलेली जाती आम्ही वर्षानुवर्षं त्याच गॅलरीत पाहतो.

साड्या बोहारणीला देण्याआधी जरीचे काठ तपासा. जुन्या पैठणी-शालूंमध्ये खऱ्या चांदीची जरतार असते आणि ती घेणारे व्यापारी वेगळे. नेसण्याजोग्या साड्या सुना-लेकींनी एकेक निवडाव्यात, विरलेल्या सुती साड्यांची एक गोधडी शिवून घ्यावी. एका गोधडीला पाच-सहा पुरतात. बाबांचे शर्ट धुऊन, बटणं पाहून द्या. फाटका कपडा दान म्हणून दिला तर घेणाऱ्याला तो फेकण्याचंच काम लागतं. चष्मा, कवळी, कानातलं यंत्र या वस्तूंशी लोक सगळ्यात जास्त वेळ अडतात. त्या टेबलावर ठेवू नका, थेट बाजूच्या पिशवीत घाला आणि दुसऱ्या दिवशी ठरवा.

‘ठरत नाही’ असं लिहिलेला खोका

प्रत्येक भावंडाला एकच, 18 बाय 12 बाय 12 इंची. हात अडला की वस्तू त्यात जाते, वाद होत नाही. बाहेर सहा महिन्यांनंतरची तारीख लिहायची आणि त्या दिवशी उघडायचा. दुसरा खोका मागितला तर आम्ही नाही म्हणतो. दुसरा दिला की तिसरा लागतो आणि जुनं घर नव्या घराच्या माळ्यावर जाऊन बसतं.

दोघांना एकच वस्तू हवी असेल तर तिथे निकाल लावू नका. दोघांनीही ती का हवी हे मोठ्याने सांगायचं. पुष्कळदा एकाला वस्तू हवी असते आणि दुसऱ्याला आजारपणात आपण केलेलं कोणीतरी कबूल करायला हवं असतं. ते ऐकून घेतलं की वस्तूवरचा हात सुटतो. परदेशातल्या भावंडाला ठरलेल्या वेळी व्हिडिओवर घ्या. फोटो पाठवून ‘उद्यापर्यंत सांग’ हे चालत नाही.

देव्हाऱ्यातले टाक आणि मूर्ती कोणाकडे जाणार हे वडीलधाऱ्यांना विचारून आधी ठरवा. त्या आम्ही उचलत नाही, घरच्यांनीच न्याव्यात.

शेवटी पत्रं आणि फोटो

यासाठी वेगळी सकाळ ठेवा, तीन तासांची. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढू नका, फाटतो. दात साफ करायचा दोरा खालून हळू सरकवा. मागे नावं मऊ पेन्सिलीने लिहा, पेनची शाई पुढे उतरते. नावं सांगू शकणारी आत्या किंवा मावशी हयात असेल तर आधी तिच्याकडे जा. पत्रं वाचायची की नाही, हे सगळ्यांनी मिळून ठरवा. न वाचता बांधून ठेवणं हाही निर्णयच आहे.

सहा-आठ महिने झाले तरी त्या खोलीत पाऊल टाकवत नसेल, झोप आणि भूक गेली असेल, तर सामान तसंच राहू द्या आणि आधी डॉक्टरांना भेटा. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आमची माणसं येण्याच्या दिवशी वीज-पाणी चालू ठेवा, टेम्पो आणि लिफ्टसाठी सोसायटीची परवानगी आदल्या दिवशी घ्या, आणि पत्र्याच्या ट्रंकांच्या किल्ल्या शोधून ठेवा. किल्ली नसेल तर कुलूप तुमच्यापैकी कोणी समोर असतानाच तोडलं जाईल.