पंचगंगेचं पाणी आणि समुद्रातले भोवरे

कोल्हापूरपासून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम १०० किलोमीटर. पंचगंगा मात्र त्याच्याकडे पाठ फिरवून नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळते आणि थेट आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरात पोचते. तिथे हे गोडं पाणी काय करतं, हे समजायला समुद्रातल्या भोवऱ्यांची गोष्ट ठाऊक हवी.

पुरात घाटावरून दिसतो तो भोवरा वेगळा. समुद्रातले भोवरे दहा-वीस किलोमीटरपासून दोन-तीनशे किलोमीटरपर्यंत रुंद असतात, महिनोन् महिने फिरतात, आणि जहाज त्यातून पार होतं तरी कुणाला पत्ता लागत नाही. १९५९-६० मध्ये जॉन स्वॅलो या ब्रिटिश शास्त्रज्ञाने बर्म्युडाजवळ खोल पाण्यात तरंगती यंत्रं सोडली. पाणी एकाच दिशेने संथ सरकेल असा अंदाज होता. यंत्रं कितीतरी वेगाने, वाटेल त्या दिशांना गेली. सत्तरच्या दशकात सोव्हिएत आणि अमेरिकन मोहिमांनी भोवऱ्यांवर शिक्कामोर्तब केलं. पुढे १९७८ पासून उपग्रह पाण्याचा रंग टिपू लागले आणि १९९२ पासून समुद्राच्या पातळीतला काही सेंटिमीटरचा चढउतारही नेमका मोजता येऊ लागला.

आपल्या गोलार्धात घड्याळाच्या उलट फिरणाऱ्या भोवऱ्याच्या मध्यावर खालचं थंड पाणी वर येतं. त्यासोबत नायट्रेट, फॉस्फेट ही समुद्रातली खतं उजेडात पोचतात आणि वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, फोफावतात. त्यांवर प्राणी-प्लवक म्हणजे तरंगते बारीक जीव, त्यांवर तारलीसारखे लहान मासे. घड्याळाच्या दिशेने फिरणारा भोवरा सहसा गरम पाणी खाली रेटतो, त्याचा मध्य उपाशी राहतो. कडांवर मात्र बऱ्याचदा जीवसृष्टी गजबजलेली असते.

बंगालच्या उपसागरात हे फार महत्त्वाचं. गंगा, ब्रह्मपुत्रा, गोदावरी, कृष्णा यांचं हलकं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर झाकणासारखं बसतं. वाऱ्याला ते सहजी ढवळता येत नाही, म्हणून खत खालीच अडकतं. हे झाकण उचलायचं काम भोवरे करतात, असं गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या प्रसन्न कुमार आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलं. मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते की प्लवकांची ही वाढ बरीचशी पृष्ठभागाखाली होते. उपग्रहाला ती दिसत नाही, बोटीवरून पाण्याचे नमुनेच काढावे लागतात.

अरबी समुद्राकडची बाजू आपल्या ताटाशी जोडलेली. गगनबावड्याचा, आंब्याचा घाट चढून येणारा बांगडा जिथे सापडतो, त्या जागांचा अंदाज हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती पुरवणारी सरकारी संस्था मच्छीमारांना कळवते. त्यासाठी ती पाण्याचं तापमान आणि हिरवेपणा पाहते. थंड आणि गरम पाण्याच्या ज्या सीमारेषा ती शोधते, त्यांतल्या कित्येक अशाच भोवऱ्यांच्या कडेला असतात.